कवडूजींची चौथी पट्टी

आमच्या शेजारच्या कवडूजींच्या खिशात पेन नसतो, खोडरबर असतं. शाळेतल्या पोरांचं असतं तसलंच, पांढरं, एका कडेनं काळं पडलेलं. जगातली कोणतीही वस्तू बंद पडली की ती आधी खोडरबरानं घासून बघावी, असा त्यांचा सिद्धांत आहे. आमच्या ह्यांचा टीव्हीचा रिमोट चालेना. कवडूजींनी सेल काढले, दोन्ही टोकं घासली, चालला. माझ्या मिक्सरच्या पिना घासल्या, तोही चालला. एकदा बँकेतलं मशीन माझं पासबुक घेईना, तर रांगेत मागे उभे असलेले कवडूजी ‘आना जी इकडे’ म्हणत पुढे आले आणि त्यांनी पासबुकावरची काळी पट्टी मनोभावे घासली. ते पासबुक त्यानंतर जगातल्या कुठल्याच मशीननं घेतलं नाही. सिद्धांत म्हटला की एखादा अपवाद निघायचाच.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात ऐन मंगलाष्टकात माइक बंद पडला. साउंडवाला घामाघूम, भटजींचा घसा बसलेला, नवरी अवघडलेली. कवडूजी मुठीत अक्षता तशाच धरून स्टेजवर चढले. वायरची पिन उपटली, घासली, पुन्हा खुपसली, ‘हॅलो’ म्हणाले आणि भटजींच्या हातात माइक द्यायच्या आधी सगळ्या मांडवाला त्यांनी ऐकवलं, ‘मशीन खराब नसते, कांटॅक्ट खराब असते.’ मांडव खो खो हसला. नवरदेवानं मात्र ते फार गंभीरपणे ऐकून घेतलं, हे मी स्वतः पाहिलं.

मी स्वतः म्हणजे कोण, तेही सांगून टाकते. मी तिरोड्यात एकतीस वर्षं गणित शिकवलं. अर्ध्या गावाचे कान माझ्या हाताखालून गेलेले आहेत. खोटं बोलणारा पोरगा आणि आकडेमोड न दाखवता नुसतं उत्तर लिहिणारा पोरगा, या दोघांना मी एकाच मापानं शिक्षा केली. स्वभाव कडक आहे असं लोक म्हणतात. लोक बरोबर म्हणतात.

कवडूजींची नि आमची मधली भिंत एकच आणि मागचं अंगणही एकच. वय सत्तरीच्या पुढे, अंगानं काटकुळे, मिशा पांढऱ्या, बारा महिने पायात रबरी चप्पल. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं शेजारणीला एका कवडीला विकले आणि परत घेतले. म्हणून नाव कवडू. ‘मी तं जन्मापासूनच सेकंडहँड माल आहो, मॅडम,’ असं ते स्वतःच सांगतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगी, वैशू. माझीच विद्यार्थिनी. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.

घराणं बोदलकशाकडच्या एका खेड्यातलं, कोहळ्यांचं, म्हणजे पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. कवडूजी गावचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी आणि किती सोडायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. वैशूच्या शाळेसाठी ते गाव सोडून इथे आले, पण त्यांच्या डोक्यातला तलाव काही तिरोड्याला आला नाही, तो तिकडेच राहिला. नळाला पाणी कमी आलं तरी हे नळाकडे बघत नाहीत, लाइनीच्या शेवटच्या घरापासून चालत येतात. भाजी खारट झाली तर मीठ, तिखट, डाळ असं एकेक वेगळं चाखून बघतात. ‘आधी पाळ फिरून या, मंग बोंबला,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाळ म्हणजे तलावाचा बांध. मी चिडून काही सांगायला गेले की हे वाक्य माझ्या तोंडावर येऊन आपटतं आणि मी आणखी चिडते.

आता त्यांच्या कॉम्प्युटरबद्दल. ते त्याला मशीन म्हणतात, मी डबा म्हणते.

वैशू नागपूरला इंजिनीअरिंगला होती, तेव्हा एका दिवाळीच्या सुटीत तिनं तो घरीच जुळवला. एकेक भाग नागपुरातून पोत्यात घालून आणला होता. बाप टॉर्च धरून बसला होता आणि लेक स्क्रू पिळत होती. चालू झाल्यावर कवडूजींनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि आख्ख्या गल्लीत लाखोळीच्या डाळीची भजी वाटली. त्याला आता चौदा-पंधरा वर्षं झाली. डब्याचं एका बाजूचं झाकण तेव्हापासून लावलेलंच नाही, कारण सारखं उघडावं लागतं. आत पाल शिरू नये म्हणून कवडूजी त्यावर कोंबड्या झाकायची टोपली पालथी घालतात. नवीन माणसाला वाटतं, आत खुडूक कोंबडी बसली आहे.

या डब्यावर ते काय करतात? गावच्या तलावाखालच्या एकूण एक बांधीचं, म्हणजे धानाच्या तुकड्याचं, नाव टाइप करतात. कोणाची बांधी, कुठून पाणी येते, कुठं उतरते, कोणत्या वर्षी कोण कोणाशी भांडलं. एका बोटानं. दिवसाला दहा-बारा ओळी. ‘माह्यानंतर कोनाले माहीत राहीन?’ असं म्हणतात. कोणाला माहीत राहून काय करायचंय, असं मी एकदा म्हणाले होते. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

तर अडीच वर्षांपूर्वी या डब्याला रोग लागला. चालता चालता स्क्रीन निळी पडायची, पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीतून काहीतरी ओरडायची आणि सगळं ठप्प. कधी टाइप केलेली ओळ उघडली की नावाच्या जागी नुसते चौकोन. वैशूनं फोनवर ऐकून सांगितलं, मेमरीत दोष दिसतो बाबा. रॅमच्या चार पट्ट्या आहेत, त्यातली एखादी बिघडली असेल, नाहीतर ती बसते ती खाच बिघडली असेल. एक तपासायचा प्रोग्राम तिनं लावून दिला. मेमरीत दोष असला की तो स्क्रीनवर लाल ओळ दाखवतो आणि दोष कुठं आहे त्याचा पत्ताही दाखवतो.

झालं. कवडूजींमधला पाणकर जागा झाला.

तलावाचं पाणी वाटणी नसताना उतरायला लागलं की गावात बोंब होते. यानं चोरलं, त्यानं चोरलं. अशा वेळी पाणकरानं सगळी तुडूमं, म्हणजे पाणी सोडायची दारं, बंद करायची. काठावर एक खुंटी ठोकायची. मग रोज एकच तुडूम उघडायचं आणि खुंटीपाशी पाणी किती उतरलं ते बघायचं. ‘एका येळी एकच तुडूम. दोन उघडले का मंग समजत नाई कोन चोर हाये.’

‘चार पट्ट्या, चार खाचा. किती दिवस होतीन, मॅडम?’ त्यांनी मला भिंतीवरून विचारलं.

‘सोळा. पण सोळा कशाला हवेत? दोन पट्ट्या काढा, दोन ठेवा. दोष अर्ध्यावर येतो. मग त्यातली एक काढा. दोन दिवसांत निकाल!’

‘पान्याले घाई नसते, मॅडम.’

भिंतीवर खडूनं सोळा घरांचा तक्ता काढला. रोज सकाळी चहा झाला की एक पट्टी एका खाचेत बसवून प्रोग्राम लावायचा आणि समोर पाटावर बसून राहायचं. त्या काळात तुम्ही कवडूजींना लग्नाचं आवतण द्या, मौतीचा निरोप द्या, ते म्हणणार, ‘आज तिसरी पट्टी दुसऱ्या खाचीत हाये.’ गल्लीतले लोक रस्त्यात मला विचारायचे, मॅडम, कितवी पट्टी? मलाही पाठ झालं होतं, बाप्पा!

सतराव्या दिवशी मी दहावीचा निकाल ऐकायला जावं तशी गेले.

‘काई समजलं नाई,’ कवडूजी म्हणाले.

‘सोळा दिवसांत समजलं नाही?’

‘कधी येते, कधी नाई येत. उंदरावानी हाये.’

आणि भिंतीवरचा तक्ता पुसलेला होता. आकडेमोड खोडून ठेवणाऱ्या पोराकडे बघायची तसं मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली आणि मला चहा दिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माणूस हरला आहे, असं समजून मी उगाच मोठ्या मनानं गप्प बसले.

पुढे एकदा मला गोंदियाला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तर कवडूजींना गाडीनं बरोबर नेलं. म्हटलं, नवी पट्टी घेऊ आणि ही कटकट एकदाची संपवू. तिथल्या एका दुकानात काउंटरवरच्या माणसानं त्यांची पट्टी उलटीपालटी करून पाहिली.

‘काकाजी, ये माल अब कहाँ आता है. पुराना हो गया. नया ले लो ना.’

‘तुमारा बाप पुराना हुआ तो नया लाया क्या?’ कवडूजींनी विचारलं.

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण आत बसलेले म्हातारे मालक खुर्चीतून पडायचे राहिले, इतके हसले. त्यांनी ड्रॉवर उपसून एक वापरलेली पट्टी काढली आणि जुळते म्हणून कवडूजींच्या हातावर ठेवली. झालं ना काम? नाही. परतताना गाडीत कवडूजी तोंड पाडून बसले, जणू दात त्यांचाच उपटला होता. दुसऱ्या दिवशी ती पट्टी त्यांनी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवालीच्या कॉम्प्युटरला लावून दिली. तिचा सुसाट पळायला लागला. ‘माह्या मशीनले जमली नाई,’ म्हणे. मी कपाळाला हात लावला.

या सगळ्या प्रकारात रविवार सकाळचे दहा ही एक वेळ ठरून गेली. दहाला वैशूचा फोन यायचा आणि बापलेक मिळून डबा तपासायचे. कवडूजींचा फोन बटणांचा, कानांनी थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर लावून बोलणार. म्हणजे भिंतीपलीकडे मलाही आख्खा कार्यक्रम फुकट. ‘हो बेटा, टोपली काढली. हो, वायर काढली. घासली. बसवली. खट् आवाज आला. लावला. आली, आली! लाल ओळ आली!’ मग मी माझ्या स्वयंपाकाला लागायची. कुकरच्या शिट्ट्या, फोडणी, त्यात पलीकडचं पुढचं काही कानावर यायचं नाही. पोळ्या झाल्या तरी फोन चालूच असायचा, एवढं मात्र मला माहीत होतं.

अडीच वर्षं, दर रविवारी! सत्तरी ओलांडलेला माणूस जमिनीवर मांडी घालून, मान वाकडी करून त्या डब्यात डोकं घालतो. गुडघे धरून उठतो. आणि तिकडे पुण्यात ही शिकलेली लेक नुसती फोनवरून सूचना देते. माझं डोकं सणकलं. एका संध्याकाळी मी तिला मेसेज लिहिला. माझे मेसेज म्हणजे पत्रंच असतात. ‘चि. वैशाली, अनेक आशीर्वाद. तुझ्या वडिलांचे वय काय, ते तुला ठाऊक असावे. जमिनीवर बसून त्यांचे गुडघे गेले. तू कमावती आहेस. त्यांना एक चांगला नवा लॅपटॉप घेऊन देणे तुला जड नसावे. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’

दोन दिवस उत्तर नाही. मग एवढंच आलं, ‘मॅडम, तुमचं बरोबर आहे. चुकलं माझं. लॅपटॉप तुमच्या पत्त्यावर पाठवते, बाबा घेणार नाहीत म्हणून. रविवारी माझ्या फोनच्या आधी द्याल का?’

पोरीनं चूक कबूल केली म्हणून मी भलतीच खूश झाले. गुरुवारी खोकं आलं. तीन दिवस ते माझ्या कपाटात होतं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

रविवारी साडेनऊला मी खोकं पदराआड धरून मागच्या अंगणातून गेले. दार उघडंच होतं. कवडूजींची माझ्याकडे पाठ होती. डबा चालू होता आणि स्क्रीनवर बांध्यांची यादी दिसत होती. पानभर नावं, स्वच्छ, एकही चौकोन नाही. शेवटची ओळ त्यांनी माझ्यासमोरच टाइप केली, जपून ठेवली आणि मशीन व्यवस्थित बंद केलं. वायर काढली. टोपली बाजूला ठेवली. खाली बसले, कोनाड्यातून सुपारीची डबी काढली आणि उघडली.

डबीत सुपारी नव्हती. कापसात गुंडाळलेली रॅमची पट्टी होती. तिच्या टोकाला ओळखीसाठी कुंकवाचा ठिपका लावलेला होता. ती त्यांनी चौथ्या रिकाम्या खाचेत ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खट्.

‘कवडूजी!’

वर्गात कॉपी करताना धरलेला पोरगा दचकतो तसे दचकले.

‘ही पट्टी खराब आहे ना?’

‘हो.’

‘कधीपासून माहीत आहे तुम्हाला?’

‘तेराव्या दिवशी समजलं,’ ते मान खाली घालून म्हणाले. ‘कोनत्याबी खाचीत टाका, लाल ओळ येते. बाकीच्या तीन सोन्यावानी हायेत.’

‘अहो, मग फेकली काऊन नाही? अडीच वर्षं हा कसला तमाशा लावला तुम्ही? सोमवार ते शनिवार डबा चांगला आणि रविवारी मुद्दाम बिघडवायचा?’

त्यांनी हात धोतराला पुसले. मग म्हणाले, ‘बसा, मॅडम.’

मी बसले. खोकं मांडीवर होतं.

‘आमच्या तलावाच्या पाळीले एका जागी पाझर होता,’ कवडूजी म्हणाले. ‘माह्या बापाच्याबी आधीपासून. थेंब थेंब पानी जाये. बापाले माहीत होता, पन त्यानं कधी बुजवला नाई. माह्या हाती काम आलं तवा मी जवान होतो. मले वाटलं, बुढ्यानं आळस केला. मी मानसं लावली, काळी माती भरली, धुम्मसनं ठोकून पक्का केला. लोकांनी वाहवा केली जी. अन त्या उन्हाळ्यात पाळीखालची विहीर आटली. सात घरं पानी भरत त्या विहिरीवर. साती घरच्या बाया रिकामे गुंड-घागरी घेऊन माह्या दारात उभ्या झाल्या.’

‘मग?’

‘मंग काय. मीच सब्बल घेऊन गेलो अन मीच पुन्हा खोलला.’

त्यांनी उघड्या डब्यातल्या त्या ठिपकेवाल्या पट्टीवर बोट ठेवलं.

‘वैशू आधीबी फोन करे. जेवले का बाबा? जेवलो. तब्येत बरी हाये ना? बरी हाये. ठेवू का? ठेव. झालं, दोन मिनिटं. मले बोलता येत नाई, मॅडम. तिचं जे काई बोलनं होतं ते तिच्या मायसंगं होतं. मी पान्याचा मानूस. आता हा प्रोग्राम पुरा व्हायले सव्वा तास लागते. तेवढा वेळ तिले फोन ठेवता येत नाई अन मलेबी नाई. सव्वा तास कोनी गप बसन का? मंग बोलते ती. ऑफिसातलं बोलते, घरमालकिनीचं बोलते. मीबी बोलतो. मी एवढा कधी बोललो नाई कोनासंगं.’

मला माझी लाज वाटली, सरळ सांगते. अडीच वर्षं मी भिंतीला कान लावून होते आणि लाल ओळ आली की फोडणी द्यायला निघून जात होते.

त्यांचं लक्ष खोक्याकडे गेलं.

‘हे काय हाये?’

सांगावंच लागलं. मी मेसेज लिहिला तेही सांगितलं. त्यांनी खोकं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, वरचं चित्र पाहिलं.

‘नवा हाये?’

‘हो.’

‘गॅरंटी किती वर्साची हाये?’

‘दोन वर्षांची.’

‘दोन वर्सं,’ कवडूजी म्हणाले आणि त्यांनी खोकं हळूच खाली ठेवलं. ‘म्हंजे दोन वर्सं तं काई बिघडनार नाई.’

‘तिले सांगू नका, मॅडम,’ एवढं ते म्हणाले. ‘म्हनीन, बाप खोटं बोलते.’

मी खोकं उचललं आणि अंगणात आले, तोच माझा फोन वाजला. वैशूच होती.

‘मॅडम, दिला का लॅपटॉप? काय म्हणाले बाबा?’

आता माझ्यावर प्रसंग आला. एकतीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून झोडपलं, त्याचा सराव ऐन वेळी कुठून आणायचा?

‘अगं, ते खोकं ना, फुटकं आलं. परतच करून टाक ते.’

‘फुटकं? सगळं फुटलं?’

‘सगळं. आणि हे बघ, तुझ्या बाबांच्या कॉम्प्युटरला आज भलताच एरर आला आहे. नवीनच. तुलाच बघावा लागेल.’

‘कोणता एरर, मॅडम?’

‘निळा.’

‘निळा कुठं?’

‘सगळीकडे,’ मी म्हणाले.

मग ती हसायला लागली. लहानपणी फळ्याजवळ उभी राहून हसायची, तसंच हसू.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘तुम्ही ती पट्टी पाहिली ना?’

मी अंगणातल्या दगडावर बसले. ‘तुला माहीत आहे?’

‘पहिल्या महिन्यातच समजलं. आज ही पट्टी पहिल्या खाचेत टाकली, आज त्या खाचेत टाकली, असं सांगतात. पट्टी खरंच हलवली असती तर दोषाचा पत्ताही हलला असता ना? ते मला वाचून दाखवतात तो पत्ता दर रविवारी तोच असतो. एक आकडा इकडचा तिकडे होत नाही.’

‘मग बोलली काऊन नाही, पोरी?’

‘बोलून काय करू? पट्टी काढून टाका म्हणू? मग पुन्हा जेवले का, जेवलो, ठेव.’ तिचं हसू थांबलं होतं. ‘त्या प्रोग्राममध्ये पाच मिनिटांचीसुद्धा तपासणी असते, मॅडम. मी त्यांना मुद्दाम लांबवाली लावायला सांगते. मागच्या वर्षी माझी नोकरी गेली होती. दोन महिने पुण्यातच घरी बसून होते मी. कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या रविवारी प्रोग्राम चाळीस टक्क्यांवर जाईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. चाळीस टक्के झाल्यावर सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही, नुसते ऐकत राहिले. शंभर होईपर्यंत मी रडत होते. दोन मिनिटांच्या फोनमध्ये मी हे कधी सांगितलं असतं?’

‘मग हा लॅपटॉप कशाला घेतलास?’

‘तुमचा मेसेज वाचला ना. वाटलं, माझ्या बोलण्यासाठी मी म्हाताऱ्या बापाला जमिनीवर बसवून राहिली. त्यांचे गुडघे दुखतात हे मला ठाऊकच नव्हतं.’

म्हणजे बापाला वाटतं, मी लेकीला फसवतो. लेकीला वाटतं, मी बापाला राबवते. आणि या दोघांना शहाणपण शिकवायला मधे गेलेली एकटी मी! इतकं सोपं गणित माझ्यासमोर भिंतीपलीकडे दर रविवारी सुटत होतं आणि मला उत्तर आलं नाही.

‘वैशू,’ मी म्हणाले, ‘डबा टेबलावर चढवून देते मी. आजच. खुर्चीवर बसून करतील. आणि हे खोकं खरंच परत करून टाक.’

‘फुटलं आहे ना ते?’ ती म्हणाली.

‘चावटपणा करू नकोस.’

‘नाही मॅडम. त्यांना सांगू नका मात्र, मला माहीत आहे म्हणून.’

दोघांनी एकाच सकाळी मला एकच शपथ घातली. मी दोघांनाही हो म्हणाले. म्हातारपणी खोटेपणाचा असा दुहेरी हिशेब माझ्या वाट्याला आला आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

परत आत गेले तर कवडूजी तसेच डब्यासमोर बसलेले. हातात सुपारीची रिकामी डबी होती. फोन समोर पाटावर ठेवलेला.

‘लॅपटॉप परत चालला आहे,’ मी म्हणाले. ‘फुटका निघाला.’

त्यांनी माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं. त्याला कुठं पोचासुद्धा नव्हता. मग माझ्याकडे पाहिलं. गणिताच्या बाईचं खोटं त्यांनी कोणताही प्रश्न न विचारता पदरात घेतलं.

दहा वाजले आणि फोन वाजला. कवडूजींनी धोतराचा सोगा सावरला, घसा साफ केला आणि बटण दाबलं. मी उठून दाराकडे निघाले होते.

‘कसा आहे बाबा आज?’ वैशूचा आवाज खोलीभर आला.

‘खराब हाये, माय,’ कवडूजी म्हणाले. ‘बहुत खराब हाये.’

इतक्या आनंदानं कोणी काही खराब असल्याचं सांगितलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.